लोकलच्या पोटातली मोटार: डीसी की एसी?

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. पुढे कित्येक दशकं मुंबईची लोकल डीसी सिरीज मोटारवरच चालली. कारण साधं आहे: खच्चून भरलेली गाडी जागची हलवायला प्रचंड टॉर्क लागतो आणि ही मोटार तो सुरुवातीलाच देते.

अडचण कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटरची. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, कार्बनची भुकटी साचते. पावसाळ्यात ओलावा शिरला की इन्सुलेशन धोक्यात. शिवाय जुन्या गाड्यांत वेग आवरायला रेझिस्टन्स लावत, म्हणजे विकत घेतलेली वीज उष्णता करून उडवायची! (सिरीज मोटार लोडशिवाय पूर्ण व्होल्टेजवर सोडली तर वेग हाताबाहेर जातो. घरी प्रयोग नको.)

थ्री-फेज एसी इंडक्शन मोटारमध्ये ब्रशच नाहीत. दणकट, देखभाल कमी. पण तिचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला: 50 हर्ट्झवर चार पोलची मोटार मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या किंचित खालीच फिरणार. इन्व्हर्टरने फ्रिक्वेन्सी बदलता येऊ लागली आणि चित्र पालटलं. 2007 पासून आलेल्या नव्या लोकल याच मोटारींवर धावतात, ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात. गंमत म्हणजे तेव्हा बऱ्याच मार्गांवर वरची तार डीसीच होती!

माझं मत इंडक्शनला. मिक्सरमध्ये मात्र अजून ब्रशवालीच मोटार सापडेल; इवल्याशा आकारात एवढा वेग इतक्या स्वस्तात तीच देते.