मॉनिटर लागत नाही? आधी निदान, मग निकाल

आठ-दहा वर्षे नेमाने चाललेला मॉनिटर एखाद्या सकाळी लागत नाही. बटण दाबले, पुन्हा दाबले, तरी पडदा काळाच. ‘जुना झाला, आता नवीनच घ्या’ हा सल्ला मग मागचे झाकण उघडायच्या आधीच मिळतो. हा सल्ला घाईचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉनिटरमधला सर्वांत महाग भाग म्हणजे चित्र दाखवणारे पॅनेल, आणि मॉनिटर अजिबात लागत नाही तेव्हा दोष पॅनेलचा असण्याची शक्यता कमी असते. बिघाड बहुधा त्याला वीज किंवा उजेड पुरवणाऱ्या साध्या, स्वस्त भागात असतो. तो कुठे आहे याच्या खुणा मॉनिटर स्वतःच देतो; त्या क्रमाने वाचता आल्या पाहिजेत.

पहिली खूण बटणाजवळच्या इवल्याशा दिव्याची. तो लागतच नसेल तर वीज पोहोचते का ते पाहावे. त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावावे, एक्स्टेन्शन बोर्ड टाळून थेट भिंतीतून वीज घ्यावी. पुष्कळ मॉनिटरना सीपीयूचीच पॉवर कॉर्ड चालते, तेव्हा अदलाबदल करून बघायला पैसाही लागत नाही. दिवा लागतो पण चित्र नाही, अशा वेळी संगणकाकडून येणारी केबल मॉनिटरपासून काढावी. पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना उमटली, तर मॉनिटर ठणठणीत आहे. दोष केबलचा, संगणकाचा किंवा चुकीच्या इनपुट निवडीचा. सूचनाही दिसली नाही, तर केबल परत जोडून संगणक चालू ठेवावा, खोलीत अंधार करावा आणि पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा टाकावा. चित्र पुसटसे दिसले, तर पॅनेल जिवंत आहे, फक्त त्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे.

दिवा लुकलुकत राहणे, किंवा आधी मिनिटभराने, मग दहा मिनिटांनी लागणे आणि शेवटी अजिबात न लागणे, ही खूण सर्वांत बोलकी. हा दुखण्याचा इतिहास बहुधा पॉवर सप्लाय बोर्डावरच्या कपॅसिटरकडे बोट दाखवतो. ॲल्युमिनियमच्या या छोट्या नळकांड्यात धातूची पातळ पट्टी, कागद आणि एक द्रव असतो. उष्णतेने तो द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि मॉनिटर सुरू होताना लागणारा विजेचा जोर कपॅसिटरला पेलवत नाही. थोडा तापला की तो काही काळ बरा वागतो, म्हणूनच पाचव्या प्रयत्नात मॉनिटर लागतो. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा अनेकदा पुरीसारखा फुगतो, कधी तिथून तपकिरी चिकटा बाहेर येतो. मात्र माथा सपाट असूनही कपॅसिटर आतून निकामी झालेला असू शकतो, तेव्हा मापून पाहणेच खरे. 2000च्या दशकाच्या पूर्वार्धात तर सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत आणि मॉनिटरांत गेले आणि अकाली फुगले. एरवी हिशेब सरळ आहे. 105 अंशांना 2000 तास टिकणाऱ्या कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट होते. 65 अंशांना ते 32,000 तास, म्हणजे रोज 8 तासांच्या वापराने जवळपास 11 वर्षे. मॉनिटर नेमका या वयात रुसतो, तो त्यामुळेच.

यावर पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो शंभर टक्के खरा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. म्हणून वर सांगितलेल्या, बाहेरून करायच्या तपासण्या आपण कराव्यात, झाकण मात्र जाणत्या कारागिरानेच उघडावे. दुसरा आक्षेप विजेचा: नवा एलईडी मॉनिटर कमी वीज खातो. फरक 20 वॉटचा धरला, तर रोज 8 तासांप्रमाणे वर्षाला सुमारे 58 युनिट वाचतात. 8 रुपये युनिटने ते साडेचारशे रुपयांच्या आसपास. नव्या मॉनिटरची किंमत एवढ्यातून भरून यायला कित्येक वर्षे जातील. तिसरा आक्षेप असा, की दुरुस्ती टिकत नाही. एकच फुगलेला कपॅसिटर बदलून शेजारचे तेवढेच थकलेले तसेच ठेवले, तर टिकणार नाहीच. त्या भागातले सगळे एकदम, तितक्याच क्षमतेचे, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचे आणि 105 अंशांचे बसवले, तर मॉनिटर पुन्हा वर्षे काढतो.

पॅनेलच फुटले असेल तर मात्र दुरुस्तीचा हट्ट धरू नये. तेव्हाही मॉनिटर कचराकुंडीत टाकू नये. जुन्या एलसीडीच्या बॅकलाइट नळ्यांत पारा असतो, म्हणून मॉनिटर अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यावा. बाकी वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा आपल्या गावातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जाताना नुसते ‘बंद पडला’ एवढेच सांगू नका. दिवा लागतो का, टॉर्चच्या उजेडात चित्र दिसते का, लागायला आधी वेळ लागत होता का, ही तीन उत्तरे सोबत न्या. कारागिराचे निम्मे काम तिथेच होते.