स्लॅबवरचा चुना

मिरजगावात वैशाखातला खरा जाच दुपारी दोनला नसतो, दिवेलागणीनंतर असतो. बाहेर वारं सुटलेलं, ओट्यांवर गप्पा रंगलेल्या, आणि घरात पाऊल टाकावं तर छत आग ओकतंय. पंखा लावला की तीच हवा अंगावर. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती धग खालच्या अंगाला यायला तीन-चार तास लागतात. त्यामुळे बाहेरचं ऊन उतरतं तेव्हा घरातलं चढत असतं.

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेतलं. या पट्ट्यातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती पडायची, म्हणून थर वाढत वाढत फूट-दीड फुटावर जायचा. एवढ्या मातीतून ऊन खाली झिरपेपर्यंत रात्र व्हायची आणि माती वरून निवायला लागायची.

पण माळवदाचे गोडवे गाणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरू नये. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली आणि असल्याच जड छतांखाली हजारो माणसं गेली. शिवाय गळती, उंदीर, वाळवी आणि दर वर्षीची मातीची खेप. स्लॅब आला तो उगाच नाही. फक्त माळवदाबरोबर उन्हाची आडही गेली आणि तिच्या जागी कोणी काही घातलं नाही.

निदान चुना तरी घालावा. मी गावातल्या एका मावशींच्या घरी पाहिलं ते काम पहाटे, तांबडं फुटताना सुरू झालं. आदल्या दिवशी गच्ची खराट्यानं झाडून, धुऊन, भेगा सिमेंटनं बुजवून ठेवल्या होत्या. कळीचा चुना रात्रभर पिंपात विरवलेला. पाणी ओतल्यावर तो खदखदतो, म्हणून पोरांना लांब ठेवलेलं. सकाळी फडक्यानं गाळून त्यात डिंकाला पर्याय म्हणून फेविकॉल कालवला. ताकापेक्षा जरा दाट, एवढंच माप. मग आधी स्लॅबवर पाणी शिंपडलं आणि कुंच्यानं पातळ हात दिला, एकदा आडवा, वाळल्यावर उभा.

“उन्हं चढायच्या आत उरकायचं मावशी, नायतर सगळा हाताला येतो,” मिस्त्री म्हणाले. बरोबरच आहे. चुना वाळून घट्ट होत नाही, ओल असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. कडक उन्हात पाणी उडून गेलं की उरते ती नुसती भुकटी.

मावशींना शंका होती की एवढ्याशा पांढऱ्या रंगानं काय होणार. चुना लावलेला भाग वाळल्यावर दुपारी तिथे आणि शेजारच्या करड्या काँक्रीटवर त्यांनी तळहात टेकवून पाहिले. करड्यावरचा हात लगेच वर आला. करडा स्लॅब उन्हाचा मोठा भाग पोटात घेतो, स्वच्छ पांढरा बराचसा परत फेकतो. ‘स्वच्छ’ हे मात्र महत्त्वाचं. रस्त्याची धूळ बसली की गुण कमी होतो, पावसात थर उतरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुंचा हातात घ्यावा लागतो.

सरकारी मोजमाप याहून कडक आहे. २०१८च्या इको निवास संहितेप्रमाणे छतातून जाणाऱ्या उष्णतेचा यू-गुणांक १.२ पेक्षा जास्त नसावा. उघड्या स्लॅबचा तो तिनाच्या पुढे भरतो. चुन्यानं हा आकडा हलत नाही. चुना ऊन अडवतो, आत शिरलेली उष्णता नाही. ती संहिता लिहिलेलीच होती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांसाठी, म्हणजे मावशींच्या दोन गुंठ्यांकडे ती बघतही नव्हती.

त्यांचं पुढचं काम म्हणजे मागची वाढीव खोली. तिला पत्रा. पत्र्याला वेळच लागत नाही, सकाळी नऊलाच तापतो. लोक वर पाचट नाहीतर कडबा टाकतात. गारवा येतो, पण एखादी ठिणगी पडली की संपलं. मिस्त्रींनी पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून थर्माकोलचं छत सुचवलं. थर्माकोल काँक्रीटच्या मानानं चाळीसेक पट कमी उष्णता वाहतो, पण तोही आगीला भिऊनच असतो.

“चूल त्या खोलीत नको मग,” मावशी म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी जमिनीवर फक्कीनं आखलेली स्वयंपाकाची जागा पायानं पुसून टाकली.