मेंदूच्या धमनीतला फुगा: एमआरए तपासणी कधी करायची, कधी नाही?

घरात कुणाचं डोकं सारखं दुखायला लागलं की "एकदा एमआरआय करून टाकू" असं कुणीतरी म्हणतंच. त्याच मशीनवर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरए होते. पण ती कधी करायची हे आधी समजून घ्या.

धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत झाली की तिथे फुगा येतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मेंदूच्या तळाशी, धमन्यांना फाटे फुटतात तिथे तो जास्त आढळतो. साधारण १०० प्रौढांत ३ जणांना असा फुगा असतो. बहुतेकांचा कधीच फुटत नाही. पण फुटला तर जिवावर बेततं.

एमआरएत क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरींमुळे वाहतं रक्त उजळ दिसतं, आजूबाजूचा भाग काळसर. त्यामुळे बहुतेक वेळा शिरेतून डाय द्यावा लागत नाही. धमनी अरुंद आहे, बंद आहे की फुगली आहे, हे कळतं. मात्र ३ मिलिमीटरहून लहान फुगा निसटू शकतो. शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी किंवा कॅथेटर घालून डीएसए करतात.

आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना किंवा अधिक जणांना हा आजार झाला असेल, किंवा घराण्यात पॉलिसिस्टिक किडनी असून तुम्हालाही ती असेल, तर त्रास नसतानाही एमआरएबद्दल डॉक्टरांना विचारा. पेसमेकर, जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण असेल तर तपासणीआधी सांगा.

पण अचानक, क्षणात टोकाला गेलेली, आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. सोबत उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं असेल, तर एमआरएचा नंबर लावत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. तिथे आधी साधा सीटी स्कॅन होतो. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो.

तपासणीत फुगा सापडला म्हणजे लगेच ऑपरेशन, असंही नाही. आकार, जागा आणि वय पाहून नुसती नजर ठेवायची, क्लिप लावायची की आत कॉइल भरायची, हे ठरतं. विडी-सिगारेट बंद आणि बीपी ताब्यात, हे मात्र सगळ्यांनाच लागू. उपचारासाठी दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर कागदी रिपोर्टबरोबर स्कॅनची सीडीही घ्या.