एक वर्षाची अट

वालाची उसळ तुम्ही खाल्ली असेलच. वाल रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे आणि मग चांगले शिजवायचे, एवढा खटाटोप तुमच्या घरीही होत असेल. पण तो का करायचा, असे तुम्ही कधी विचारले आहे का?

मी विचारले नव्हते. जव्हारच्या आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गाला मी उष्णता हा भाग शिकवीत होते. उष्णतेने पदार्थात काय काय बदल होतात, त्याची उदाहरणे मी मुलांकडून घेत होते. बर्फ वितळतो, लोखंड प्रसरण पावते, अशी ठरलेली उत्तरे आली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मोखाड्याकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मॅडम, कच्चे वाल खाल्ले तर बाधतात, शिजवले की बाधत नाहीत. मग उष्णतेनं त्यांच्यात काय बदलतं?”

मला उत्तर येत नव्हते. “उद्या सांगते” असे म्हणून वेळ मारून नेली, आणि त्या ‘उद्या’चे चांगले आठ दिवस झाले. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, वाचनालयात पुस्तके काढली. कडधान्यांतील प्रथिनांसंबंधी वाचता वाचता १९५० च्या दशकातील भारतीय शोधनिबंधांचे उल्लेख सापडले. त्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येत होते : के. सोहोनी. हे गृहस्थ कोण, म्हणून पाहू गेले, तर ते गृहस्थ नव्हतेच. त्या होत्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. रसायन आणि भौतिकी हे तिचे विषय. तिचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा आपणही तिथेच संशोधन करायचे, असे तिने ठरवून टाकले होते. अर्ज केला. नकार आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून!

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशाच्या विकिरणाबद्दल १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे, आम्हा भौतिकीवाल्यांचे दैवतच. रामन परिणाम मी दरवर्षी शिकवते आणि प्रत्येक वेळी त्या माणसाच्या बुद्धीपुढे हात जोडते. पण ही हकीकत वाचल्यापासून हात जोडताना मनात थोडी खळखळ होते, हे लपवून काय उपयोग?

कमला गप्प बसली नाही. ती बंगळूरला जाऊन थेट रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, अशा निश्चयाने त्यांना भिडली. महात्माजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस. तिचाही हा सत्याग्रहच म्हणायचा. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले एक वर्ष ती केवळ उमेदवार राहील. कामाचा दर्जा पटला तरच ते काम धरले जाईल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये! ही शेवटची अट कमलाबाईंना जन्मभर टोचत राहिली. पण त्या वेळी तिने सगळ्या अटी मान्य केल्या आणि ती कामाला लागली.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. ते शिस्तीचे कडक होते, पण शिकवण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. गरिबाच्या ताटात मांस-मासे कधीतरीच येणार. त्याची प्रथिने यायची ती डाळीतून आणि उसळीतून. तेव्हा विषय साधा दिसला तरी लहान नव्हता. वर्ष संपले. रामन यांचे समाधान झाले. तिचा प्रवेश तर पक्का झालाच, शिवाय संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही किलकिले झाले. १९४० साली खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत अण्णा मणी आल्या आणि पुढे हवामानशास्त्रात नामवंत झाल्या. (त्यांना मात्र, एम.एस्सी. नाही या कारणावरून, विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. किलकिले दार म्हणतात ते असे.)

कमला १९३६ साली एम.एस्सी. झाली आणि पुढच्याच वर्षी केंब्रिजला गेली. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल मिळवलेले हॉपकिन्स तिथे होते. तिथे तिने बटाट्यावर काम केले आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे दाखवून दिले. हे लोहयुक्त प्रथिन पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवते. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम असल्याचे केंब्रिजच्याच कायलिन यांनी १९२५ साली दाखवले होते, आणि तेही वर्णपटदर्शकातून! या द्रव्यातून प्रकाश जाऊ दिला की वर्णपटाच्या हिरव्या भागात, सुमारे ५५० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी, काळा पट्टा उमटतो. म्हणजे आमच्या भौतिकीचे उपकरण शेवटी जीवरसायनाच्या कामी आले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली तिला केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे नाव घेतात. तिच्याआधी १९३१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेत डी.एस्सी. मिळाली होती, हेही ध्यानात असू द्या.

मायदेशी परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यात आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

हे वाचले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत राहिले. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून जिल्ह्याचे नाव पालघर आहे. अन्नात किती प्रथिन आहे आणि त्यातले अंगी किती लागते, हा आमच्याकडे केवळ परीक्षेतला प्रश्न नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांच्या लांब साखळ्या कापून त्यांचे तुकडे करते. हे तुकडे पुढे आणखी बारीक होऊन रक्तात जातात. वालाच्या दाण्यात मात्र असे एक प्रथिन असते, की ते ट्रिप्सिनच्या कात्रीच्या पात्यांत जाऊन घट्ट बसते. कात्री चालेनाशी होते. त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. किडींपासून बचाव करण्यासाठी झाडाने केलेली ही युक्ती असावी. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी भारतीय अन्नपदार्थांतील हेच रोधक तपासले. उष्णता दिली की रोधकाच्या रेणूची घडी विस्कटते आणि तो पात्यांत बसेनासा होतो. कच्च्या वालात त्रास देणारी आणखीही द्रव्ये असतात. पण शिजवण्याचे एक मोठे कारण हे.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा ती मुलगी म्हणाली, “करून बघता येईल का?”

आम्ही केले. दुधाच्या भुकटीचे पातळ पाणी तीन परीक्षानळ्यांत घेतले आणि प्रत्येकीत खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली. प्राणिशास्त्र विभागातून थोडे ट्रिप्सिन मागून आणले. त्याचे द्रावण करून तीन भाग केले. एका भागात साधे पाणी मिसळले, दुसऱ्यात वाटलेल्या कच्च्या वालाचे गाळलेले पाणी, तिसऱ्यात तेच पाणी वीस मिनिटे उकळून, गाळून व गार करून. मग एकेक भाग एकेका नळीत ओतला आणि नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. पहिली नळी काही मिनिटांत निवळली, कारण दुधातले प्रथिन कापले गेले. तिसरी थोडी मागून, पण निवळली. मधली पांढरीच राहिली. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

नळ्या धुताना तिने सहज सांगितले, की बारावीनंतर घरचे तिला पुढे शिकवायला तयार नव्हते. तिने हट्ट धरला. तेव्हा वडील म्हणाले, एक वर्ष बघू, निकाल कसा लागतो ते. मग लग्नाचे ठरवू.

तिला कमलाबाईंची एक वर्षाची अट मी मुद्दाम पुन्हा सांगितली नाही. ती तिने वर्गात ऐकली होतीच. तिची वार्षिक परीक्षा एप्रिलात आहे. सध्या ती रोज संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबते आणि वाल किती मिनिटे उकळले म्हणजे मधली नळी निवळू लागते, ते दोन-दोन मिनिटांनी वेळ वाढवून वहीत लिहिते. आज ती आठ मिनिटांवर आली आहे.