दुसऱ्या भागात लूक का हरला?

मागे एकदा आमच्या चौथीच्या वर्गात मी निबंधाऐवजी गोष्ट लिहायला दिली. प्रत्येकाचा हिरो परग्रहावरच्या राक्षसाशी लढला आणि जिंकला. पुढच्या आठवड्यात म्हटलं, "आता याचाच भाग दुसरा लिहा." वह्या तपासायला घेतल्या आणि मला हसूच आलं. मधल्या आठ दिवसांत बहुतेक हिरोंना उडता यायला लागलं होतं. एकाला तर दहा हात फुटले होते! नवे राक्षस बिचारे पहिल्याच पानावर गार. मग उरलेल्या पानांत काय? एकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "मग तो घरी जाऊन जेवला."

तेव्हा मी त्यांना लूक स्कायवॉकरची गोष्ट सांगितली.

१९७७ साली जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' आला. त्यात लूक हा वाळवंटी ग्रहावरचा शेतकऱ्याचा पोर. शेवटी तो शत्रूचं चंद्राएवढं अवकाशस्थानक उडवतो आणि गळ्यात पदक पडतं. आता १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये हा पठ्ठ्या आणखी मोठं स्थानक उडवणार, असंच कुणालाही वाटेल. पण घडतं उलटंच! सगळ्यात मोठी लढाई येते ती सुरुवातीलाच, बर्फाळ ग्रहावर. (ते बर्फ खरं होतं बरं का, नॉर्वेमधलं!) आणि त्या लढाईत आपली माणसं हरून पळतात.

मग सिनेमा चक्क सावकाश होतो. लूक एका दलदलीच्या ग्रहावर गुरूच्या शोधात जातो. गुरू कोण? दोन फुटांच्या आसपास उंचीचा, हिरवा, लांब कानांचा योडा. लूक त्याला ओळखतसुद्धा नाही! पुढे योडाला पाठीवर घेऊन धावणं, एका हातावर उलटं उभं राहून मनाच्या बळावर दगड उचलणं, असं शिक्षण चालतं. एवढ्यात लूकचं अवकाशयान चिखलात पूर्ण बुडतं. योडा म्हणतो, उचल. लूक डोळे मिटून जोर लावतो, यान जरासं वर येतं आणि पुन्हा गडप! लूक धापा टाकत म्हणतो, फारच मोठं आहे ते. आणि बाजूला जाऊन बसतो. मग तो चिमुकला म्हातारा तेच यान अलगद काठावर आणून ठेवतो.

हे सगळं सलग दाखवलं असतं तर आपण जांभया दिल्या असत्या. म्हणून दिग्दर्शक इर्विन कर्शनर मध्ये मध्ये आपल्याला लूकच्या मित्रांकडे नेतात. त्यांचं यान बिघडलंय, मागे शत्रू, समोर लघुग्रहांचा मारा! तिकडचा थरार पाहून परत दलदलीत आलो की लूक थोडा पुढे गेलेला असतो. किती दिवस गेले हे सिनेमा सांगतच नाही, पण दिवस गेलेत हे आपल्याला पटतं. माझ्या मते खरी करामत ही आहे.

पुढे मित्र संकटात आहेत असं लूकला दिसतं आणि गुरू नको म्हणत असताना तो शिक्षण अर्धवट सोडून निघतो. डार्थ व्हेडरशी लढताना उजवा हात गमावतो. तिथंच त्याला एक गुपितही कळतं. ते इथं सांगत नाही, नाहीतर सिनेमा न पाहिलेले माझ्यावर चिडतील!

आपल्याकडे 'कोई... मिल गया'मधल्या (२००३) रोहितची धडपड मला फार आवडली होती. २००६च्या 'क्रिश'मध्ये मात्र त्याच्या मुलाला शक्ती जन्मतःच मिळालेल्या. उड्या झकास, पण रोहितसारखी काळजी काही त्याची वाटली नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. भागाकार चुकला की वही मिटून बसतो. त्यानं विचारलं, "बाई, मग लूकनं ते यान परत उचललं का?"

खोटं कसं सांगणार? म्हटलं, "नाही रे. त्या सिनेमात नाहीच उचललं. गुरूनं काढून दिलेल्या यानातूनच गेला तो."

"आणि तिसऱ्यात?"

१९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये लूक सोनेरी यंत्रमानवाला खुर्चीसकट हवेत उचलतो, तेही शांतपणे, धापा न टाकता. आणि शेवटच्या लढाईत तो शत्रूचा हात तोडतो. आतून तारा दिसतात, यंत्राचा हात! लूक स्वतःच्या, तसल्याच यंत्राच्या हाताकडे बघतो आणि शस्त्र फेकून देतो. दुसऱ्या भागात हरला नसता, तर इथं त्यानं हाताकडे बघितलंच नसतं.

पोरगा काही बोलला नाही. सोमवारी त्यानं भाग दुसरा नव्यानं लिहून आणला. तीन पानं झाली, हिरो अजून खड्ड्यातच आहे. खाली लिहिलंय, "बाई, अजून संपली नाही."