गिटारीच्या लाकडाला रंग

विजेच्या गिटारीचे लाकडी अंग घरीच रंगवायचे आहे ना? मग रंगाची बाटली तूर्त बाजूला ठेवा. हा रंग लाकडात मुरतो. काचकागदाचा आडवा ओरखडा राहिला, तर तिथे तो गडद चढतो नि दोष उलट उठून दिसतो. म्हणून शिरांच्या दिशेनेच घासा. ओले फडके फिरवा. वाळल्यावर उभे राहिलेले तंतू हलकेच पुन्हा घासा. कडांना, जिथे शिरा तुटतात, लाकूड जास्त रंग पिते. तिथे हात आखडता ठेवा.

पाण्यात कालवलेल्या रंगावर, तो वाळल्यावर, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात द्यावेत. अर्थात चुलीपासून दूर. कुणी जवसाचे तेल लावतात. तेही चांगले, पण तेलाचे बोळे कोपऱ्यात साठवू नका, ते आपोआप तापून पेट घेतात! उघड्यावर एकेक पसरून वाळवा.