कुमारवयातील एचआयव्ही तपासणी : दवाखान्याकडून वस्तीकडे

ज्या रोगाला औषध नाही त्याची तपासणी कशाला करावयाची, असे कोणी विचारले तर तो प्रश्न समजण्याजोगा आहे. परंतु औषध आहे, ते सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते, वेळेवर सुरू केले तर माणूस जवळजवळ इतरांइतकेच जगतो, आणि तरीही माणसे तपासणीला जात नाहीत. असे जेव्हा घडते तेव्हा दोष औषधात नसून आपल्या समाजव्यवहारात कोठे तरी आहे, हे मान्य करावे लागते. एचआयव्हीच्या बाबतीत नेमके हेच घडते. त्यातही दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत ते अधिक घडते. म्हणून या वयाची तपासणी दवाखान्याच्या भिंतीबाहेर, वस्तीत नेता येईल काय, आणि नेल्यास कोणती काळजी घ्यावी, याचा येथे विचार करू.

प्रथम थोडा इतिहास. भारतात हा विषाणू प्रथम आढळला तो १९८६ साली, मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी तो शोधला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच सुमारास पुण्याजवळ भोसरीला या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य औषधोपचार सुरू केला. आरंभी प्रतिकारशक्ती पुरेशी घसरल्यावरच औषध देत. २०१७ पासून निदान होताच देतात. आज देशात सुमारे चोवीस-पंचवीस लाख लोक या विषाणूसह जगत आहेत. पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटात हे प्रमाण हजारी दोन इतके आहे. हा आकडा पुढे कामाला येईल, म्हणून ध्यानात ठेवावा.

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले की भूगाव लागते, आणि मग भुकूम. राम नदी याच बाजूच्या डोंगरातून निघते. पुढे पिरंगूटचे कारखाने. भाताच्या खाचरांशेजारी इमारती उभ्या राहिल्या, आणि परजिल्ह्यांतून, परप्रांतांतून कामाला आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. या परिसरात रोग अधिक आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. या परिसराचे नाव या विषयाशी जोडले गेले ते एका चांगल्या कामामुळे. विजयाताई लवाटे यांनी स्थापन केलेल्या ‘मानव्य’ या संस्थेने एचआयव्ही असलेल्या निराधार मुलांसाठी येथेच घर उभारले. ज्या काळी अशा मुलाला हात लावण्यास लोक कचरत, त्या काळी हे काम झाले.

अशी मुले कोठून येतात, हे समजले म्हणजे आपल्या विषयाचा अर्धा भाग उलगडतो. आईला संसर्ग असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावर पाजताना तो बाळाला होण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांश असते. आईला औषध दिले तर ती शेकडा पाचाच्याही खाली येते. परंतु सगळ्या आयांपर्यंत ही सोय पोहोचायला बरीच वर्षे लागली. त्या मधल्या काळात जन्मलेली काही मुले लहानपणीच दगावली. काही मात्र निदानाशिवाय वाढत राहिली. मूल अंगाला लागत नाही, वारंवार आजारी पडते, वयात उशिरा येते. घरचे म्हणतात, हाडापेरानेच बारीक आहे. दुसरा गट याहून वेगळा : कुमारवयात लैंगिक संबंधातून किंवा टोचून घेतलेल्या अमली पदार्थांच्या सुईतून ज्यांना संसर्ग होतो, तो. पहिल्या गटापर्यंत पोहोचण्याची वाट त्यांच्या आईबापांवरून जाते. दुसऱ्या गटापर्यंतची वाट त्यांच्या स्वतःच्या विश्वासावरून. एकाच मापाने दोघांना मोजून चालत नाही.

आता वस्तीतील तपासणी म्हणजे काय, ते पाहू. प्रशिक्षित आरोग्यसेवक घरी, वस्तीत, कारखान्याच्या दारात किंवा फिरत्या गाडीत येतो, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतो, आणि अर्ध्या तासाच्या आत चाचणीचे उत्तर मिळते. दवाखान्याला जाण्याचा खाडा वाचतो, गाडीभाडे वाचते, आणि केंद्राच्या दारात ओळखीचे कोणी भेटेल ही धास्तीही वाचते. आफ्रिकेत झांबिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील एकवीस वस्त्यांत २०१३ ते २०१८ या काळात मोठा प्रयोग झाला. त्यांतील ज्या वस्त्यांत सेवक दारोदार जाऊन तपासणी करीत, तेथे पूर्वी कधीच न तपासलेली पुष्कळ माणसे, तरुणही, पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ साली कुमारवयीनांच्या तपासणीविषयी स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

मग उद्याच शाळेच्या मैदानावर मांडव घालून सगळ्या मुलांचे रक्त तपासावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. त्याचे पहिले कारण गणिताचे आहे. समजा, दहा हजार मुले तपासली आणि त्यांत खरोखर संसर्ग असलेली दहाच आहेत. चाचणी इतकी चांगली आहे की, निरोगी माणसाला ती दोनशेत एकदाच चुकीने दोषी ठरवते. तरीही सुमारे पन्नास निरोगी मुले दोषी ठरतील. म्हणजे साठ मुलांपुढे खूण होईल, आणि त्यांतली खरी दहाच! रोग जितका विरळ, तितकी एकट्या चाचणीची चूक महाग पडते. यासाठीच वस्तीतील पहिल्या चाचणीला निदान म्हणत नाहीत. तिचे उत्तर होकारार्थी आले तर सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात वेगवेगळ्या घडणीच्या आणखी चाचण्या करतात. तिन्ही चाचण्यांचा कौल एक आला तरच निदान पक्के होते. नकारार्थी उत्तरालाही एक मर्यादा आहे. संसर्ग झाल्यावर रक्तात प्रतिपिंडे दिसू लागण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. नुकताच धोका घडला असेल तर पुन्हा तपासावे लागते.

दुसरे कारण माणसांचे आहे. मांडवातून कोण हसत बाहेर आले आणि कोणाला बाजूला बसवून घेतले, हे गाव पाहत असते. लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या शाळेत ‘सेवालय’ संस्थेची एचआयव्ही असलेली मुले बसू लागली, तेव्हा २००९ साली गावकऱ्यांनी केलेल्या विरोधाची बातमी देशभर गेली. एका बाकावर बसल्याने, एका माठातले पाणी प्याल्याने हा विषाणू पसरत नाही. औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू दबलेला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही तो पसरत नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. परंतु भीती शास्त्र वाचून येत नाही. म्हणून गुप्तता हे या कामातले सौजन्य नव्हे, तो कामाचा पायाच आहे.

कायद्यानेही तेच सांगितले आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी करता येत नाही, कोणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि शाळाप्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी तपासणीची अट घालता येत नाही. आईबाप आजारी किंवा मृत असलेल्या घरातील बारा वर्षांवरील समंजस भावंडाला धाकट्याचा पालक म्हणून काही बाबतींत उभे राहता येते, अशी कनवाळू तरतूदही त्यात आहे. मात्र अठरा वर्षांखालच्या मुलाच्या तपासणीला पालकाची संमती लागते, आणि येथे गाठ बसते. ज्या मुलीला धोका वाटतो, तिला तो सर्वांत अधिक लपवायचा असतो तो घरातच. शिवाय २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानुसार अठराखालील व्यक्तीशी संबंध हा गुन्हा असून तो ठाऊक झाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठीच आहे आणि तो हवाच; पण त्याच्या धाकाने सोळा-सतरा वर्षांची मुले समुपदेशकाकडे तोंडच उघडत नाहीत, हेही खरे. दक्षिण आफ्रिकेत बारा वर्षांचे मूल स्वतः संमती देऊ शकते. आपण तेथवर जावे की न जावे, याविषयी मतभेद होतील. परंतु हा प्रश्न चर्चेलाच घ्यायचा नाही, असे करून चालणार नाही.

तर मग करावे काय? आम्हांला क्रम असा दिसतो. आधी ज्या आईबापांचे औषध सुरू आहे, त्यांच्या सर्व मुलांची, अगदी धट्ट्याकट्ट्या मुलांचीही, एकदा तपासणी व्हावी. त्यानंतर ज्या तरुणांना प्रत्यक्ष धोका आहे, त्यांच्यापर्यंत त्यांच्याच वयाचे, त्यांचीच भाषा बोलणारे सेवक पोहोचावेत. तपासणी एकट्या एचआयव्हीची न ठेवता हिमोग्लोबिन, वजन, क्षयाची लक्षणे अशा सर्वसाधारण तपासणीत गुंफावी, म्हणजे रांगेत उभे राहिल्याने कोणावर शिक्का बसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्याचे उत्तर होकारार्थी येईल त्याला चिठ्ठी हाती देऊन वाटेला लावू नये. कोणी तरी त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत जावे, औषध सुरू होईतो जावे, आणि पुढेही विचारपूस ठेवावी. ज्या गावी ही सोबत देता येत नाही, तेथे चाचणीची पेटी नेऊ नये. शंका असलेल्याला १०९७ या विनामूल्य दूरध्वनीवर नाव न सांगता विचारता येते, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिलेले असावे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. कामजीवनाविषयी आणि गुप्तरोगांविषयी मोकळेपणाने लिहिल्याचा दंड त्यांनी न्यायालयात भरला, पण १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले. त्यानंतर औषधे बदलली, चाचण्या अर्ध्या तासावर आल्या. मुलांशी या विषयावर घरात चार सरळ शब्द बोलणे मात्र अजून आपल्याला साधलेले नाही. वस्तीत तपासणी नेण्यापूर्वी तेवढे जरी झाले, तरी निम्मे काम झाले असे समजावे.